हाताने भरलेले काडतूस

मराठीत 'गोळी' हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. डोके दुखले की घ्यायची ती गोळी, लिमलेटची तीही गोळी, आणि बंदुकीतून सुटते तीही गोळीच. वर्तमानपत्रांतले गुन्हेवार्ताहर मात्र या बाबतीत नेमके असतात. कुणाकडून गावठी कट्टा पकडला गेला, की त्यासोबत 'दोन जिवंत काडतुसे' आणि घटनास्थळी 'तीन रिकाम्या पुंगळ्या' सापडल्याचे ते न चुकता लिहितात. काडतूस हा शब्द, पिस्तुलाप्रमाणेच, पोर्तुगीजांनी आपल्याकडे सोडलेला. ते 'जिवंत' कुणी केले हे ठाऊक नाही, पण ज्याने केले त्याला भाषेचे अंग असले पाहिजे. ज्या वस्तूचे एकमेव प्रयोजन दुसऱ्याचा जीव घेणे हे आहे, तिला वापर होईपर्यंत जिवंत म्हणायचे आणि वापर झाला की रिकामी!

काडतुसाचे चार घटक असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली टोपी, जिच्यावर आघात झाला की ठिणगी पडते, पुंगळीतली दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार झाला की टोपी निकामी होते, दारू जळते, गोळी जाते. पितळ तेवढे उरते, आणि चारांत सर्वांत महाग तेच. ही उरलेली पुंगळी उचलून, तिला पुन्हा मापात आणून, नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घालण्याच्या उद्योगात माझी गेली काही वर्षे हिवाळ्याच्या तोंडावरची संध्याकाळ जाते. आपल्याकडे ठासणीची बंदूक होती तोवर प्रत्येक बार हातानेच भरलेला असे. दारू किती, चिंधी किती, छर्रे किती हे ज्याचे तो ठरवी. आयते काडतूस आले आणि तो निर्णय कारखान्याकडे गेला. मी करतो ते म्हणजे तो निर्णय परत मागून घेणे. त्यात काटकसर होते असे सांगण्याची या छंदातल्या सर्वांना सवय असते. प्रत्यक्षात काटकसर होत नाही, तेवढ्याच पैशांत बार मात्र अधिक होतात.

मी राहतो तो भाग अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या आग्नेयेस येतो. सपाट मक्याची शेते संपून डोंगर सुरू होतात, ओक आणि हिकरीची दाट झाडी लागते. या राज्यातून पांढऱ्या शेपटीचे हरिण 1904 पर्यंत पूर्णपणे नाहीसे झाले होते. जंगल तोडले गेले आणि वर्षाचे बारा महिने शिकार चाले. 1920 च्या दशकात बाहेरून थोडी हरणे आणून सोडली गेली, शेजारच्या राज्यांतून काही आपणहून आली, आणि आज रात्री गाडी चालवताना रस्त्याच्या कडेला चमकणारे डोळे दिसले नाहीत तर चुकल्यासारखे वाटते. लांडगे आणि कूगर गेलेले परत आले नाहीत. त्यांचे काम आता माणसे, कोयोटी आणि मोटारी करतात, आणि या तिन्हींत मोटारीची शिकार सर्वांत ओंगळ असते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि तिथली परिस्थिती पाहता ते योग्यच झाले असे माझे मत आहे. इथले प्रश्न वेगळे. शिकार करावी की नाही हा वाद मी येथे घालणार नाही; तो घरोघरी वेगळा आहे आणि माझ्या घरी तो कोथरूडशी फोनवर होत असतो. मला ज्याविषयी लिहायचे आहे तो प्रश्न त्यानंतरचा आहे. करायचीच तर कशाने, आणि त्या 'कशाने'मध्ये काय काय दडलेले असते?

ओहायोत हरणांच्या बंदुकीच्या हंगामात 2014 पर्यंत रायफलीला मज्जाव होता. रायफलीची गोळी सपाट मुलखात फार दूर जाते, तिथे वस्त्या असतात, म्हणून. शॉटगन चाले, ठासणीची बंदूक चाले, आणि रिव्हॉल्व्हर चाले. नळी किमान पाच इंचांची आणि गोळीचा व्यास.357 किंवा अधिक असला की झाले. 2014 नंतर सरळ पुंगळीच्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी मिळाली आणि पुष्कळांनी रिव्हॉल्व्हर ठेवून दिले. मी ज्यांच्याकडून हे सारे शिकलो ते माझे शेजारी मात्र ठेवून देणाऱ्यांतले नव्हेत. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. हजारांश इंचाशिवाय बोलत नाही. त्यांच्या गोठ्याच्या एका कोपऱ्यात, बाकावर बोल्टने आवळलेला प्रेस आहे आणि त्यावर त्यांच्या वडिलांच्या काळापासूनचे तेल आहे. रिव्हॉल्व्हर वापरणारा रायफल वापरणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ असतो असे त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. मला ते आवडते ते एवढ्यासाठी, की ते हातात असले की फार जवळ जावे लागते.

आता थोडे आकड्यांत शिरणे भाग आहे. या जगातली सारी वजने ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे दाणा; मुळात जवाचा. पौंडात असे सात हजार दाणे. आपल्या सराफाच्या भाषेत एक ग्रेन म्हणजे साधारण अर्धी गुंज, आणि एका तोळ्यात 180 ग्रेन. .44 मॅग्नम या काडतुसाची नेहमीची 240 ग्रेनची गोळी म्हणून एक तोळा चार मासे भरते. (हा हिशोब मी शेजाऱ्यांना सांगितला तेव्हा त्यांना तो इतका आवडला की पुढे आठवडाभर ते 'मासा' हा शब्द स्वतःच्या पद्धतीने उच्चारत होते.) ही गोळी कारखान्याच्या तक्त्यानुसार सेकंदाला सुमारे 360 मीटर वेगाने निघते, तेव्हा तिच्यात साधारण एक हजार जूल ऊर्जा असते. हरणासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या .30-06 रायफलीच्या गोळीत असते तिच्या चौथाईच्या आसपास. म्हणजे रिव्हॉल्व्हर दुबळे? तसे म्हणावे तर आधुनिक धनुष्यातून सुटलेल्या बाणात जेमतेम शंभर जूल असतात, आणि बाणाने दरवर्षी असंख्य हरणे मरतात, तीही पुष्कळदा रायफलीइतक्याच शांतपणे.

हे कोडे सुटते ते हरीण मरते कसे हे पाहिल्यावर. वेगवान रायफलीची गोळी शरीरात शिरताना आजूबाजूचे मांस क्षणभर फुग्यासारखे बाहेर ढकलते आणि त्या ताणाने ते फाटते. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग तेवढा नसतो; ती जिथून जाते तेवढेच भोक पडते. बाणाचेही तसेच. हरीण मरते ते दोन्ही फुप्फुसांतून किंवा हृदयावरच्या मोठ्या वाहिन्यांतून रक्त गेल्यामुळे, मेंदूला काही सेकंदांत ते पोचेनासे झाल्यामुळे. तेवढ्या सेकंदांत ते पन्नास-साठ मीटर पळू शकते. मग झाडीत त्याला शोधायचे, आणि शोधायचे ते सांडलेल्या रक्ताच्या मागावर. शिकारीचा सारा विचार शेवटी या दोन गोष्टींवर येतो: भोक फुप्फुसांतून गेले का, आणि ते आरपार गेले का. एकाच बाजूने भोक असले तर रक्त आत साठते, बाहेर थेंब पडत नाहीत, आणि पानगळीने भरलेल्या डोंगरउतारावर हरीण हरवते. हरवलेले हरीण मेलेलेच असते, फक्त कुणाच्या उपयोगाचे उरत नाही. किंवा मेलेले नसते, हे त्याहून वाईट.

म्हणून गोळीचा आकार. येथे शिकाऱ्यांचे दोन पंथ आहेत, आणि त्यांच्यातला वाद द्वैत-अद्वैताच्या थाटात चालतो. एक पंथ तांब्याचे कवच आणि टोकाला खळगा असलेल्या गोळीचा. ती शरीरात शिरली की खळग्यात द्रव भरतो, टोक फुलासारखे उमलते, भोक मोठे होते. पण उमललेली गोळी अडते. हाडाला लागली किंवा हरीण तिरपे उभे असले तर ती आतच थांबण्याचा संभव असतो. दुसरा पंथ कठीण ओतीव शिशाच्या, टोकाला सपाट असलेल्या गोळीचा. ती फुलत नाही. भोक मध्यम पडते, पण ती आरपार जाते, तिरपी असली तरी जाते.

दुसऱ्या पंथाचा आद्यपुरुष म्हणजे एल्मर कीथ (1899–1984). आयडाहोतला हा गुराखी, शिकारी आणि लेखक. बुटका, भल्यामोठ्या हॅटखाली झाकलेला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्याने सपाट टोकाची आणि खांद्याशी धारदार कडा असलेली एक गोळी आखली. साच्यात ओतून तिची प्रतिकृती आजही जगभर लोक घरी करतात. पुढे पंचवीसेक वर्षे तो .44 स्पेशल या जुन्या, सौम्य काडतुसात कारखान्यांना मान्य नव्हती इतकी दारू भरून पाहत राहिला, त्यावर मासिकांतून लिहीत राहिला, आणि मोठ्या कंपन्यांच्या मागे लागला. अखेर 1955 च्या शेवटी स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी मिळून .44 मॅग्नम बाहेर काढले. म्हणजे आज कुठल्याही दुकानात मिळणारे हे काडतूस मुळात एका हट्टी माणसाने बाकावर बसून हाताने भरलेले आहे.

कीथच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे, ज्यावरून या पंथातले लोक आजही हमरीतुमरीवर येतात. सोबत्याच्या गोळीने जखमी झालेले एक हरीण डोंगराच्या पलीकडच्या उतारावरून निसटत होते, आणि कीथने सुमारे 600 यार्डांवरून रिव्हॉल्व्हरने त्याला टिपले, असे तो सांगतो. इतक्या अंतरावर या गोळीची घसरण अनेक मीटर असते. नेम धरताना माशी हरणाच्या कितीतरी वर, आभाळात रोखावी लागते. तो खोटे बोलला का? शिकारकथा हा वाङ्मयप्रकार मराठी वाचकाला नवा नाही, आणि त्यात अंतरे सांगताना लेखकाचा हात किती सढळ असतो हेही आपण जाणतो. पण मला हा वाद फोल वाटतो. कीथने काय केले हे महत्त्वाचे नाही, ते वाचून नंतरच्या लोकांना काय करावेसे वाटले हे महत्त्वाचे आहे. त्याच्या कथेतले हरीण आधीच जखमी होते. न मारले तर ते कुठेतरी कुजत मरणार होते, आणि म्हणून वाटेल ते अंतर चालणार होते. ही अट बहुतेक वाचकांच्या ध्यानात राहत नाही, आकडा राहतो. 600!

माझे शेजारी कीथपंथी. त्यांचे म्हणणे असे, की ओतीव शिशाची 250 ग्रेनची गोळी, पुस्तकाने मान्य केलेल्या कमाल दारूवर, आणि विषय संपला. पहिल्या हिवाळ्यात मी त्यांच्या गोठ्यात बसून तशीच काडतुसे भरली. काम एकसुरी आहे आणि त्यात मन लागते. पुंगळी डायमध्ये दाबून पूर्वीच्या मापाची करायची. जुनी टोपी पडते, नवी बसते. तोंड किंचित पसरट करायचे, म्हणजे शिसे खरवडले जात नाही. दारू तराजूवर तोलायची. येथे गोठ्यातला रेडिओ बंद होतो आणि शेजारी एक शब्द बोलत नाहीत. कारण असे, की भुरकन जळणारी दारू पुंगळीत तळाशी चिमूटभर बसते. चुकून दोनदा घातली तरी वरून सहज कळत नाही, आणि मग बंदुकीचे चक्र हातात फुटते. मंद जळणारी दारू पुंगळी बरीचशी भरते. दुसऱ्यांदा ओतली तर उतू जाऊन स्वतःच चुगली करते. अजिबातच घालायची राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते आणि मागून येणारी दुसरी गोळी नळी फाडते. म्हणून सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्याच्या भोकांत उभ्या करायच्या आणि विजेरीने एकेकीत डोकावायचे. सगळीकडे दारू एकाच उंचीला दिसली तरच पुढे.

शेवटची पायरी मुरड घालण्याची. करंजी तळताना सुटू नये म्हणून आपण तिच्या कडेला मुरड घालतो, तशीच पुंगळीच्या तोंडाला आतल्या बाजूने घालायची, गोळीच्या अंगावरच्या खाचेत बसेल अशी. रिव्हॉल्व्हरला ती अधिकच लागते. बार झाला की बंदूक मागे उसळते, पण चक्रात वाट पाहत असलेल्या बाकी काडतुसांतल्या जड गोळ्या जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतात, म्हणजेच पुंगळीतून पुढे सरकतात. मुरड सैल असेल तर दोन-तीन बारांनंतर एखादी गोळी चक्राच्या बाहेर डोकावते आणि चक्र फिरायचेच थांबते. माझ्या आजीच्या करंज्या कधी सुटल्या नाहीत. हा गुण माझ्यात उतरला असावा असे शेजाऱ्यांच्या मौनावरून मी समजतो.

पण खरी परीक्षा बाकावर नसते. वीस सेंटिमीटर व्यासाची जेवणाची कागदी ताटली घ्यायची. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या छातीत, गोळी जिथे लागली पाहिजे तो भाग साधारण तेवढाच असतो. ती झाडाला टाचायची, मागे मातीचा उंच बांध आहे याची खात्री करायची, आणि वीस पावलांवर, गुडघा टेकून, पाठ दुसऱ्या एका झाडाला लावून सहा बार काढायचे. सहाही ताटलीत, तर पाच पावले मागे. पुन्हा सहा. ज्या अंतरावर एकही बाहेर गेला, त्याच्या पाच पावले आत आपली मर्यादा. पाच बरोबर आणि एक चूक याला परीक्षेत पहिला वर्ग मिळतो. येथे त्या एका चुकीला चार पाय असतात.

शेजाऱ्यांच्या कमाल काडतुसांनी माझी मर्यादा पस्तीस पावलांवर थांबली. दोष काडतुसांत नव्हता. बाकावर वाळूच्या पिशवीवर टेकवून मारली तर ती शंभर यार्डांवरही एका मुठीत बसत. पण हातात धरून तिसऱ्या बारापर्यंत तळव्याला येणारा दणका कळू लागतो, आणि शरीर शहाणे असल्यामुळे पुढच्या दणक्याची तयारी आधीच करते. चाप दाबण्याच्या ऐन क्षणी मनगट किंचित खाली ढकलते. याला बिचकणे म्हणतात आणि ते इच्छेने थांबत नाही. मी दारू उतरवली. तीच 250 ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला तीनशे मीटरच्या किंचित वर. कागदावर एक चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा गेली. मर्यादा मात्र पन्नास पावलांवर सरकली. (प्रत्येक दारू अशी उतरवता येत नाही. काही मंद दारूंच्या बाबतीत पुस्तकातल्या किमानाखाली जाणे हे कमालीच्या वर जाण्याइतकेच वाईट. म्हणून उतरवायची ती पुस्तक उघडे ठेवून, आणि लागले तर दारूच बदलून.)

शेजाऱ्यांना हे पटले नाही. शक्ती कमी करून पल्ला वाढतो हे लेथवरच्या माणसाच्या गळी उतरणे कठीण आहे, कारण तक्त्यांत नेमके उलटे छापलेले असते. पण तक्ता काडतुसाचा असतो. काडतूस आणि मनगट यांचा मिळून तक्ता कुणी छापत नाही. आरपार जाण्याचे म्हणाल, तर तीनशे मीटरच्या वेगाची ती जड, सपाट टोकाची गोळी आडव्या उभ्या हरणाच्या एका फासळीतून शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि पलीकडच्या मातीत जाते. हरणाला उरलेल्या ऊर्जेचा काही उपयोग नसतो. हे मी तीन हंगामांत तीन हरणांवर पाहिले. पहिले चाळीस पावले पळाले, दुसरे त्याहून थोडे अधिक, तिसरे खाली मान घालून ओकची फळे खात होते ते दोन पावले चालले आणि बसले. रक्ताचा माग तिन्ही वेळा असा, की विजेरीची गरज पडली नाही.

एवढ्यावर हा लेख संपला असता, पण शिशाचा प्रश्न आहे.

2008 मध्ये नॉर्थ डकोटात एका डॉक्टराने गरिबांसाठीच्या अन्नछत्रांना दान आलेल्या हरणाच्या खिम्याची पाकिटे क्ष-किरणांखाली धरली आणि निम्म्याहून अधिक पाकिटांत धातूचे कण दिसले. राज्याने ते मांस परत घेतले. पाठोपाठ त्याच राज्यात 738 लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. शिकारीचे मांस खाणाऱ्यांत शिशाचे प्रमाण न खाणाऱ्यांपेक्षा सरासरीने थोडे अधिक निघाले. थोडेच, कुणी आजारी पडले नव्हते. वेगवान रायफलीच्या मऊ शिशाच्या गोळ्या मांसात तुटतात आणि मोहरीहून बारीक कण वीतभर लांबवर पसरतात. माझी जड, कठीण, संथ गोळी तशी तुटत नाही. जखमेभोवतीचे मांस हात सैल सोडून कापून टाकले की काम भागते, अशी माझी धारणा होती आणि मोठ्या माणसांपुरती ती आजही आहे. पण माझी मुलगी आता चार वर्षांची आहे, तिला हरणाच्या खिम्याचे कबाब आवडतात, आणि मुलांच्या रक्तात शिशाची निर्धोक अशी पातळी नाही हे वैद्यकाने पुरते स्पष्ट केले आहे.

आणि कापून टाकलेले मांस जाते कुठे? हरीण जिथे पडते तिथेच त्याची आतडी काढून ठेवायची पद्धत आहे. दुसऱ्या दिवशी तिथे काही नसते. कावळे, गिधाडे, कोल्हे आणि पांढऱ्या डोक्याचे गरुड ते साफ करतात. ओहायोत 1979 मध्ये या गरुडांच्या अवघ्या चार जोड्या घरटी करत होत्या. 2020 च्या मोजणीत घरटी सातशेच्या वर गेली. आनंदाची गोष्ट. पण 2022 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या संशोधनात 38 राज्यांतले बाराशेहून अधिक गरुड तपासले गेले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या शिसेबाधेची चिन्हे निघाली. कॅलिफोर्नियाने काँडोर गिधाडांसाठी 2019 च्या जुलैपासून शिकारीत शिशाच्या गोळीवर संपूर्ण बंदी घातली. हे वाचताना मला आपली गिधाडे आठवल्याशिवाय राहत नाहीत. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेल्या डायक्लोफिनॅकने ती गेली. 2006 मध्ये ते औषध गुरांसाठी बंद झाले तोवर आकाश रिकामे झाले होते. तिथे औषध देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. प्रेत खाणाऱ्या पक्ष्याचा विचार औषधाच्या बाटलीवर किंवा काडतुसाच्या डब्यावर लिहायला जागा नसते, इतकेच.

शिशाला पर्याय निखळ तांब्याच्या गोळीचा. ती तुटत नाही, पाकळ्यांसारखी उमलते आणि एकसंध राहते. पण तांबे शिशाहून हलके. तेवढ्याच लांबीची गोळी वजनाला कमी भरते, आणि ती उमलायला वेग लागतो. वेग म्हणजे दारू, दारू म्हणजे दणका. मी उतरवलेला सौम्य भार तिला पुरत नाही, आणि न उमललेली खळग्याची गोळी म्हणजे दोन्ही पंथांचे दोष एकत्र. शिवाय एका तांब्याच्या गोळीच्या किमतीत शिशाच्या डझनभर येतात. शेजाऱ्यांच्या तर फुकटच, कारण ते जुन्या मोटारींच्या चाकांना लावलेली शिशाची वजने वितळवतात. गेल्या शरद ऋतूत मी तांब्याकडे वळलो. पुन्हा ताटल्या, पुन्हा वीस पावलांपासून सुरुवात. हातमोजा घालून, एका वेळी तीनच बार काढून, मध्ये विश्रांती घेऊन पाहिले. मर्यादा चाळीस पावलांवर आली. दहा पावले मुलीच्या आणि गरुडांच्या नावे गेली. मचाणासमोरच्या ओढ्यापलीकडची वाट आता माझ्या आवाक्याबाहेर आहे, आणि हरणे बहुधा तिथूनच जातात.

महाभारतात पांडूने मृगरूपातल्या किंदम ऋषीला बाण मारल्याची कथा आहे. शापाचा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याआधीचा संवाद कमी वाचला जातो. किंदम मरता मरता राजाशी वाद घालतो, आणि हरीण मारले म्हणून मी तुला दोष देत नाही, असे स्वच्छ सांगतो. राजे मृगया करतात हे त्याला मान्य आहे. त्याचा आक्षेप वेळेला आहे: आमचे मीलन चालू होते, तेवढे थांबायचे होतेस. शिकारीच्या नीतीवर मी जे काही वाचले आहे त्यात याहून नेमके काही सापडलेले नाही. मारणे हा एकच प्रश्न धरून बसणाऱ्यांना किंदम पटणार नाही. पण ज्याने मारायचे ठरवलेच आहे, त्याला तो विचारतो की कधी, किती जवळून, कशाने. आणि यांतल्या प्रत्येकाचा जाब वेगळा मागतो. ओहायोत बंदुकीचा मुख्य हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू होतो. तोवर नोव्हेंबर मध्यावरचा माजाचा ऐन भर सरलेला असतो. नियम करणाऱ्यांनी आदिपर्व वाचलेले नसावे, तरी किंदमाची अट बरीचशी पाळली जाते.

गेल्या हंगामात मी सात सकाळी मचाणावर बसलो. सूर्योदयाआधी अर्धा तास ते साधारण दहापर्यंत, अंगात भगवे जाकीट, जे येथे कायद्याने सक्तीचे आहे आणि ज्यामुळे मी डोंगरात बसलेल्या एखाद्या बैराग्यासारखा दिसतो. पाच सकाळी हरणे ओढ्यापलीकडच्या वाटेने गेली. मी उन्हाळ्यात पावलांनी अंतर मोजून ठेवले होते. ती वाट बावन्न पावलांवर आहे. त्यांतला एक नर इतका थोर होता, की शेजारी अजून त्याच्याविषयी विचारतात. मी त्याच्याकडे दुर्बिणीतून पाहिले. श्वासाची वाफ दिसत होती. सहाव्या सकाळी एक मादी ओढा ओलांडून अलीकडे आली आणि तीस पावलांवर आडवी उभी राहिली.

काडतुसे भरली की डब्यावर चिठ्ठी चिकटवायची असते: तारीख, पुंगळी, टोपी, दारूचे नाव आणि वजन, गोळी. मी ती मराठीत लिहितो, कारण माझ्याशिवाय ती कुणी वापरायची नाहीत, आणि शेवटच्या ओळीत पावले लिहितो. जुन्या डब्यावर 50 आहे, नव्यावर 40. शेजाऱ्यांनी ते आकडे एकदा वाचून घेतले, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांच्या स्वतःच्या डब्यावर काय लिहावे असे मला विचारले. मी म्हटले, ताटली आणतो. ते म्हणाले, त्यांच्या वयात डोळ्यांना माशी नीट दिसत नाही, तेव्हा ताटली मोठी आण. मी वीस सेंटिमीटरचीच नेली. पंचवीस पावले भरली, आणि त्यांनी ती पेन्सिलीने लिहिली.